आम्ही दोघांनी बघितलेलं कासव

५ जानेवारी, रविवार
स्नॉर्कलिंगचा मास्क अठराशेला पडला, असं लेकीला, साक्षीला फोनवर सांगितलं. खरा हिशेब असा: मास्क अठराशे. शेततळ्यात अंथरलेला कागद दोन जागी फाटला, त्याला जोड मारायला साडेतीन हजार. मनगटावरचं घड्याळ तळाला गेलं. आणि जोतीरामनं मला चड्डीवर पाइपाला लोंबकळताना बघितलं, त्याची किंमत काढता येत नाही.
मास्क लावून शेततळ्यात सरावाला उतरलो होतो. प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की माणसाला वर येऊ देत नाही, हे मीच सगळ्या तालुक्याला सांगत आलोय. पाऊण तास पाइप धरून होतो. जोतीराम वीस वर्षं माझ्या बोअरच्या गाडीवर आहे, तोंडानं फटकळ. वर ओढता ओढता म्हणाला, मालक, जलम गेला जमिनीत पाणी हुडकण्यात, आता पाण्यात जमीन हुडकताय व्हय?
निष्कर्ष: मास्क उत्तम आहे. कागद हलका.

९ जानेवारी
मार्चमध्ये लक्षद्वीप. साक्षीनं पुण्यातून बुकिंग केलं. फॉर्मवर विचारलं होतं, पोहता येतं का. मी 'येस' सांगितलं. चारशे बोअर मारलेल्या माणसाला पाण्यानं काय करावं? लहानपणी आमच्या कवठ्यात पोरं तरंगायला पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून विहिरीत शिकायची. माझ्या वेळेला विहिरीच कोरड्या. पाणी असतं तर जिल्ह्याला खेळलो असतो.
बायकोचं, अंजनाचं म्हणणं एकच. साक्षी झाली तेव्हा मी जतला बोअरवर. तिच्या गॅदरिंगला विट्याला. म्हणाली, आवं, सव्वीस वर्सांत एक गोष्ट दोघांनी मिळून बघितली न्हाई. मला त्ये समुद्रातलं कासव बघायचंय. पाण्याचं भ्या वाटतंय, पर तुमी हात धरला तर उतरीन.
धरणार. त्यात काय.

२६ जानेवारी
सांगलीला तलावावर क्लास लावला. कोच म्हणाला, काका, सहा वर्षांच्या मुलांच्या बॅचला जागा आहे. चारशे बोअरचं त्यालाही सांगितलं. म्हणाला, काका, बोअर खाली जातो, आपल्याला वर राहायचंय.
क्लास सोडला. क्लोरीन मला सोसत नाही.

१२ फेब्रुवारी
उद्यापासून रोज सराव. जागा: बाथरूम, बादली.

१३ फेब्रुवारी
मास्क लावून बादलीत तोंड. एकोणीस सेकंद. नळीतून श्वास घ्यायचा असतो, हे गडबडीत राहिलं. बाहेरून अंजना म्हणाली, आवं, अंगोळ करताय का शंख फुकताय?
प्रगती आहे.

३ मार्च, जहाजावर
उलट्या चार. लाटांनी नाही, सांबारानं. माझा कान तयार आहे. इंजिनाच्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचं ओळखलं आणि एका खलाशाला सांगितलं. तो हसला. जहाज वेळेत पोचलं, पण ते नशीब.

५ मार्च, सकाळी ११
शिडाची बोट. पलीकडच्या निर्मनुष्य बेटाकडे निघालोय. बोटवाल्याचं नाव कोया, हिंदी बोलतो. इंजिन बंद, नुसतं शीड. तीस वर्षं कंप्रेसरच्या आवाजात काढली. आवाज नसला की मला बोअर कोरडा गेल्यासारखं वाटतं.
अंजना समोर, ड्रेसवर नारिंगी जॅकेट, गुडघे घट्ट धरून. विचारलं, खोल हाय का हो? मी म्हटलं, लय न्हाई. कोया म्हणाला, साठ फूट. साठ फूट म्हणजे आमच्याकडं नुसती माती.
कोयानं विचारलं, साब, तैरना आता है ना? अंजनाच म्हणाली, उनको सब आता है.

५ मार्च, दुपार
अर्धा तास पाण्यात. तिचा हात एकदाही सोडला नाही. निळे मासे, पिवळे मासे, चारशेच्या वर. जॅकेट होतं, पण त्याची गरज नव्हती. एका ठिकाणी तिनं माझा हात तीनदा दाबला.
वर आलो. तिचा मास्क डोळ्यांतल्या पाण्यानंच भरलेला. म्हणाली, परातीएवढं व्हतं. आपल्या खालनंच गेलं. बघितलंत न्हवं?
बघितलं, म्हटलं.
म्हणाली, सव्वीस वर्सांचं फिटलं बगा.

७ मार्च
अंजनाला एक गोष्ट सांगायची आहे. जहाजावर गर्दी आहे. कोचीला उतरल्यावर सांगू.

९ मार्च
कोचीत ऊन फार. मिरजेच्या गाडीत निवांत बोलू.

१० मार्च
गाडीत तिला झोप लागली. हसत होती झोपेत.

१६ मार्च
घरी रोज बाया जमतात. अंजना परात आणून दाखवते, एवढं. पाय असे. आणि शेवटी, माझं खोटं वाटत असंल तर ह्यांना इचारा.
आज जोतीरामनं विचारलं, मालक, रंग कंचा? हिरवा, म्हटलं. अंजना म्हणाली, आवं, पाठ तांबूस व्हती की, इसरला? मग मीही अर्धा तास बोललो. चोच कशी, मान कशी. चहा दोनदा झाला. जोतीराम माझ्याकडं बघत राहिला.

२१ मार्च, सकाळ
चहा देताना अंजना जवळ बसली. म्हणाली, एक इचारू का? जाताना त्यानं मान वळवून आपल्याकडं बघितलं न्हवं? का मला भास झाला? मी कुणापाशी बोलले न्हाई, हसतील म्हणून. दुसरं व्हतं कोण तिथं? तुमीच सांगा.
बघितलं, म्हटलं. दोघांकडं बघितलं.
तिनं आपला कप संपवला. मग उठून कामाला लागली.
पाण्यात उतरल्यापासून वर येईपर्यंत माझे डोळे गच्च मिटलेले होते.