टेंपोतला रविवारचा वर्ग

५ जानेवारी २०२५, रविवार
पहिला वर्ग झाला. कॅमेरा बंदच ठेवला मी. दहिवलीला झाडाखाली टेंपो लावून बसलो — घरात बोललो तर भिसेगावातली अख्खी चाळ ऐकते! मोबाईलवर बाराजण. सगळ्यांना डॉक्टरांनी तोच मनाचा आजार सांगितलेला — बॉर्डरलाइन. कुणी फोन उचलला नाही की वाटतं, सोडून गेलं. मग तोंड आवरत नाही, हात आवरत नाही. वर्ग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, रोज लिहा. म्हणून ही वही.

८ जानेवारी
बायकोला, सुप्रियाला, सतरा फोन. एकही उचलला नाही.

९ जानेवारी
आज चारच.

१२ जानेवारी, रविवार
गृहपाठ — काय घडलं आणि आपल्या मनानं काय घेतलं, वेगवेगळं लिहायचं.
घडलं हे: दिवाळीत बायको माहेरी दोन दिवस जास्त राहिली. मनानं घेतलं: आता येत नाही. खालापूरला गेलो, सासऱ्यांच्या अंगणात तासभर ओरडलो, दारावर चाकाचा पाना मारला. सासरे, धाकलूमामा, उंबऱ्यात नुसते उभे. "पोरगी नाय येनार. जा तू." तेव्हापासून ती तिकडेच.
म्हणजे भीती होती ती मीच खरी करून दाखवली!

१९ जानेवारी
पुढच्या रविवारी घरचं माणूस वर्गात आणायचंय. सुप्रियाला लिंक पाठवली. ब्लू टिक आली. उत्तर नाही.

२३ जानेवारी
अजून नाही. आज खालापूरचंच भाडं होतं. तिच्या गावच्या फाट्यावर थांबलो, इंजिन चालू. दहा मिनिटं. मग सरळ पुढे गेलो. गेलो! कुणाला सांगू?

२६ जानेवारी, रविवार
सगळ्यांच्या शेजारी कुणी ना कुणी. माझ्या शेजारी रिकामी सीट. तरी कॅमेरा चालू केला. अकरा वीसला नवा चौकोन उघडला — सुप्रियाचं नाव! पण दिसलं नुसतं कपाळ, पांढरे केस. धाकलूमामा.
"मला त्या आजाराचं नाव घेता येत नाय," मॅडमना म्हणाले. "पन ऐकत बसू का?"
पाऊण तास बसले. शेवटी मॅडमनी विचारलं, काका, काही बोलायचंय?
"सुप्रियाची आई अशीच व्हती. आमी तिला भगताकडं नेली. अंगारा लावला, खोलीत कोंडली. पोर तीन वर्सांची असताना निघून गेली ती. तवा कोन सांगनार आमाला..."
मला वाटायचं, हा माणूस मला राक्षस समजतो.

२७ जानेवारी
सकाळी सुप्रियाचा फोन. तिचा! "मी काल बाबांच्या मागंच बसले व्हते. आई वारली, एवढंच सांगितलेलं मला आजवर." बराच वेळ रडली. मग म्हणाली, "येत्या रविवारी मी बसते तुमच्या वर्गाला. घरी कधी येनार ते इचारू नका."
विचारलं नाही.