चाळीस सेकंदांचा कान

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
निश्चय. या वर्षी एक बँड आपण शोधून काढायचा. जगाच्या आधी.

कारण: काल जेवताना मेहुण्याने चौथ्यांदा सांगितलं की आज जिचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, त्या गायिकेला त्याने हॉलमध्ये जेमतेम बारा माणसं असताना ऐकलं होतं. सगळे त्याच्याकडे आदराने बघत होते. हिने तर त्याला न विचारता आणखी भाजी वाढली. हा माणूस पाण्याचे पंप विकतो. मी बावीस वर्षं कान तपासतोय, कानाची मशीन बसवतोय, आणि गाण्यातलं कळतं कुणाला, तर याला.

पॉप-पंक निवडलं आहे. तीन कॉर्ड, पळते ड्रम्स आणि गाणाऱ्याची कुणाबद्दल तरी तक्रार. शिवाय गाणी लहान असतात. कॉलेजात मी पाच आठवडे एका बँडचा ड्रमर होतो. त्यांची झेप छोटी होती म्हणून सोडलं. मी सरावालाच येत नव्हतो हे त्यांचं म्हणणं.

५ मार्च, बुधवार. दुपारी
पद्धत ठरली. प्रत्येक बँडला चाळीस सेकंद. मुरलेल्या कानाला तेवढी पुरतात. शितावरून भाताची परीक्षा. जेवणाच्या सुट्टीत एकतीस बँड निकालात काढले. 'तुटकी जिप्पर': नक्कल. 'सहावं बोट': सुरुवातच लांब. 'आम्ही तिघे (चौघे)': नाव चांगलं, बाकी नाही.

ही म्हणाली, तुम्ही चहाचं, पुस्तकांचं आणि माझ्या बोलण्याचंही तेच करता. पुढे नळाबद्दल काहीतरी सांगत होती, पण तोवर मी बाल्कनीत पोचलो होतो.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११.०५
सापडला!!

'गृहपाठ घरी राहिला'. दोन मुलगे, एक मुलगी. गाणारी तीच. इथून नऊ तासांवरच्या गावातले. महिन्याचे श्रोते: अकरा. संपूर्ण जगात अकरा! अंगावर काटा आला. गाणं 'छत्री परत कर'. जिन्यावरून लोखंडी कपाट गडगडत यावं तसे ड्रम्स, आणि वर तिचा चिडका, खरा आवाज. छत्तिसाव्या सेकंदालाच निकाल लावला. चार सेकंद वाचले.

कुटुंबाच्या ग्रुपवर समीक्षा टाकली, पाच परिच्छेद. मेहुण्याने अंगठा पाठवला. पोटात दुखतंय त्याच्या.

१२ मार्च, बुधवार. सकाळी १०
कंपनीकडून कानाच्या मशीनचे चोवीस नवे संच आले. प्रत्येकासोबत एक फोन. पेशंटने मशीन चार दिवस घरी वापरून बघायचं, आवडलं तर घ्यायचं. त्याआधी बॅटरी किती टिकते ते बघायला दिवसभर आवाज चालू ठेवावा लागतो. कंपनी त्यासाठी हवामानाच्या बातम्यांचं रेकॉर्डिंग देते. इतकं रटाळ की बॅटरीलाच झोप यावी.

काउंटरवरच्या मुलीकडून प्रत्येक फोनवर गाण्याचं एकेक खातं उघडून घेतलं, संच १ ते संच २४, सगळी बँडच्या पानाला जोडली आणि सगळीकडे 'छत्री परत कर' लावून दिलं. संपलं की परत पहिल्यापासून. एका दगडात दोन पक्षी. सगळे संच ड्रॉवरमध्ये ठेवून तो बंद केला की बाहेर काही ऐकू येत नाही.

१५ मार्च, शनिवार
निवृत्त मुख्याध्यापिका बाई संच १४ घेऊन गेल्या होत्या, त्या तक्रार घेऊन आल्या. मशीनमध्ये कुणी मुलगी सारखी छत्री मागते आहे. मी म्हणालो, नवीन मशीनची सवय व्हायला वेळ लागतो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की ती दुसऱ्या कडव्यात जे म्हणते ते खरं आहे का. पुढचा पेशंट थांबला होता, म्हणून हो म्हटलं.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ९.३०
श्रोते: छत्तीस! गावांच्या यादीत आपलं गाव पहिलं. पंचवीस श्रोते!

याला म्हणतात लेखणीची ताकद. समीक्षा तोंडोतोंडी पसरली असणार. काउंटरवरच्या मुलीला आकडा दाखवला. ती म्हणाली, सर, ते पंचवीस म्हणजे आपलेच... मी म्हटलं, आपलेच तर! आपल्या गावाचे! तिने पुन्हा तोंड उघडलं, पण मला बसवेना. खाली उतरून कोपऱ्यापर्यंत दोन चकरा मारून आलो.

२७ मार्च, गुरुवार
चैन नाही. कोण आहेत हे बाकीचे चोवीस? बसस्टॉपवर कानात इअरफोन घातलेला प्रत्येक माणूस संशयित वाटतो. सिग्नलला जांभळ्या केसांचा एक मुलगा दिसला. मी ओळख दाखवत मान हलवली. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

उद्या हेच चोवीस जण सांगत फिरतील की आम्ही आधीपासून ऐकतो. कानामागून आले आणि तिखट झाले. मी पहिला हे कुठेतरी लेखी असायला हवं.

२ एप्रिल, बुधवार. दुपारी १.४०
बँडला पत्र लिहिलं. सही: आपला या गावातील पहिला श्रोता.

दहा मिनिटांत गाणाऱ्या मुलीचं उत्तर. त्यांनीही आकडा बघितला होता. दुसऱ्या कुठल्याच गावात त्यांचे तीनपेक्षा जास्त श्रोते नाहीत. या उन्हाळ्यात बँड बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. मावशीच्या छापखान्यात तिला काम मिळतंय, हो की नाही ते एप्रिलअखेर कळवायचं आहे. पण एका गावात पंचवीस अनोळखी माणसं आपलं गाणं रोज ऐकतात म्हटल्यावर तिघांना झोप नाही. तुमच्या गावात एक कार्यक्रम करून बघतो, म्हणाली, आणि मग ठरवतो. शेवटी विचारलं होतं: लोक खरंच येतील ना, काका?

काका खटकलं. तरी लिहिलं: उभं राहायला जागा मिळणार नाही. माझ्यावर सोडा.

९ एप्रिल, बुधवार
वाचनालयामागचा बॅडमिंटन हॉल ठरवला. रविवार, २७ तारीख, चार ते सहा. सहानंतर बॅडमिंटन. रखवालदाराला सांगितलं, खुर्च्या काढा, या संगीतात लोक उड्या मारतात. किती माणसं, असं त्याने विचारलं. पंचवीस तर पक्की. प्रत्येकाने दोन आणली तरी पंचाहत्तर. तो म्हणाला, बॅडमिंटनच्या फायनललाही अकरा होती.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच.

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी ७
उड्यांचा सराव. रोज पन्नास.
७.१० – रोज पंधरा.
७.२५ – खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी येऊन विचारलं की कपाट हलवताय का. गुडघ्याला शेक. उद्यापासून टाळ्यांचा सराव.

ग्रुपवर दुसरी समीक्षा टाकली: 'संपूर्ण गाण्यात ड्रमरचा एक ठोका चुकत नाही.' मेहुण्याने अंगठाही पाठवला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
काउंटरवरची मुलगी पुन्हा मागे लागली. फोनवर काहीतरी दाखवायचं होतं तिला. रविवारनंतर, म्हटलं. मग तिने टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'सर, ते चोवीस फोन' एवढं वाचलं. बॅटरीचंच काहीतरी असणार. चिठ्ठी खिशात ठेवली, पुढचं सावकाश वाचू.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी ३.१५
हॉलमध्ये आहे. नवीन शूज. बँड आला. ड्रमरच्या मामांची रोपवाटिका आहे, तिच्या गाडीतून नऊ तास. तिघांच्या कपड्यांना माती. फोटोत दिसतात त्याहून लहान आहेत. ती मुलगी माझा हात सोडेनाच.

३.५० – ही आली. सोबत पुस्तक आणलंय.

४.०५ – मुख्याध्यापिका बाई आल्या. रखवालदाराने त्यांच्यासाठी एक खुर्ची परत आणली.

४.२० – अजून कुणी नाही. मुलीने हळूच विचारलं की आज गावात परीक्षा वगैरे आहे का. मी ट्रॅफिकचं कारण सांगितलं. तिने दाराबाहेर बघितलं. एक सायकल गेली.

४.२५ – तिने फोन काढून मला यादी दाखवली. त्यांच्या पानाला जोडलेली आमच्या गावातली माणसं. संच १, संच २, संच ३, चोवीसपर्यंत. त्यांना वाटलं, चाहत्यांचं मंडळ असेल आणि सभासदांना क्रमांक दिले असतील. एवढी शिस्त बघून आम्हाला भरून आलं होतं, म्हणाली.

४.३० – बॅडमिंटनचं नेट ठेवायच्या खोलीत उभा राहून लिहितोय. चिठ्ठी पूर्ण वाचली. 'सर, ते चोवीस फोन आणि तुमचा एक मिळून पंचवीस होतात. त्या मुलांना कळवायला हवं.' अक्षर सुंदर आहे मुलीचं.

मागच्या बाजूला दार नाही.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळी ८
कालचं लिहून टाकतो.

त्यांनी कार्यक्रम केला. हिच्यासाठी, बाईंसाठी, रखवालदारासाठी आणि माझ्यासाठी. हॉल मोकळा असल्यामुळे प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत होता. तरी ती मुलगी समोर पाचशे माणसं असावीत तशी गायली. 'छत्री परत कर' सुरू झालं आणि चाळिसाव्या सेकंदाला मी जोरात टाळ्या वाजवल्या. गाणं चालूच होतं. हिने माझा हात धरून खाली केला.

मग बाईंनी बोट वर केलं. दुसरं कडवं आज गाळलंत का, असं त्यांनी विचारलं. छत्री तिच्या स्वतःच्याच घरी सापडते आणि तरी ती मागत राहते, तेच त्यांना सगळ्यात आवडतं. मी म्हटलं, असं काही त्या गाण्यात नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगी म्हणाली, आज ते गाववेना म्हणून गाळलं, पण आहे. मग तिने मला विचारलं, अगदी साधेपणाने, की काका, तुम्ही एकदा तरी शेवटपर्यंत ऐकलंय का?

कामाच्या गडबडीत, असं सुरू केलं आणि पुढे जमेना. सांगून टाकलं. ड्रॉवर, बॅटरी, चोवीस मशीन, हवामानाच्या बातम्या. ड्रमर हसत हसत जमिनीवर बसला. दुसरा मुलगाही हसला. ती हसली नाही. केबल गुंडाळत राहिली, कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा. मला खूप वाईट वाटलं. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, ठीक आहे, काका, आम्हीही मोजायला नको होतं.

सहाला बॅडमिंटनवाले आले. चौघे होते.

सगळे फोन बंद केले आहेत. फक्त संच १४ बाईंनी विकत घेतला. काउंटरवरच्या मुलीची माफी मागितली. तिने ती पूर्ण ऐकून घेतली.

३० एप्रिल, बुधवार
तिचा निरोप. छापखान्याला हो कळवलं. मला दोष दिलेला नाही. नऊ तास परत जाताना तिघे बऱ्याच दिवसांनी पोटभर बोलले, एवढं लिहिलंय. गाणी तिथेच राहतील, ज्याला ऐकायची त्याने ऐकावीत.

नवीन बँड शोधावा का? जॅझ कसं असतं? कानाला खडा. आजच्यापुरता तरी.

३० मे, शुक्रवार. सायंकाळी ५.४०
हिचं एक वाक्य आज शेवटपर्यंत ऐकलं. न्हाणीघरातला नळ गळतो आहे. मार्चपासून.

मग सहज त्यांचं पान उघडलं. महिन्याचे श्रोते: बारा. आपलं गाव: एक.

छाती भरून आली. काहीही होवो, गावात एक जण निष्ठावान आहे! मेहुण्याला कळवायला फोन उचलला, आणि मग आठवलं. त्या रविवारपासून मी ते गाणं लावलेलं नाही. धीर होत नव्हता. तो एक म्हणजे बाई.

५.५० – लावलं. उभा न राहता, पूर्ण. दोन मिनिटं बावीस सेकंद. एक मिनिट दहाला ड्रमरच्या हातून काठी पडते, ती मुलगी गाता गाता हसते, आणि कुणी थांबत नाही. छत्री तिच्याच घरी दाराच्या मागे असते. बाई म्हणाल्या होत्या तसंच.

म्हणजे या गावात हा बँड ऐकणारा मी दुसरा.

पुन्हा लावलं आहे. नळ नंतर बघतो.