सेरेनोच्या पोटात दुखलं तेव्हा

हॅनोव्हर, जर्मनी
९ नोव्हेंबर

ती. बाबांना सविनय जय भीम.

मी आणि जयंत, दोघं ठीक आहोत. थंडी सुरू झाली, पाच वाजताच अंधारतं. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही ‘काम कसं चाललंय’ विचारता, मी ‘चाललंय’ म्हणते. म्हणून लिहायला बसले.

गावाबाहेरच्या एका तबेल्यात मी रोज जाते. तिथे फ्राऊ ब्रांट या निवृत्त शिक्षिकेचा स्पॅनिश घोडा आहे, सेरेनो. वय चोवीस. जन्मला तेव्हा काळसर होता म्हणे, आता पांढराशुभ्र. मान कमानदार, आयाळ दाट. अंगात आग आहे, पण माणसाच्या हाताखाली शांत. युरोपातले राजे या घोड्यांवर बसायचे. पुढे धिप्पाड घोड्यांची हौस आली आणि संकर करायचा हुकूम निघाला. स्पेनमधल्या हेरेसच्या मठातल्या साधूंनी तो मानला नाही. नेपोलियनच्या फौजेने घोडे पळवले, तेव्हाही त्यांनी थोडे लपवून वाचवले, असं सांगतात. फ्राऊ ब्रांट ‘शुद्ध रक्त’ म्हणाल्या की मला तुमचा चेहरा आठवतो. तुम्ही हसून आधी खूर पाहिले असते.

‘रोज’ वाचून थबकला असाल. बाबा, जूनपासून मी क्रांकगेश्रीबेन आहे, म्हणजे डॉक्टरांनी कामावरून घरी बसवलंय. लॅपटॉप उघडायलाही हात उचलेना. लीद काढते तेवढा वेळ बरं वाटतं. जयंतला माहीत आहे. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.

मंगळवारी सेरेनो आडवा पडला, पोटाकडे मान वळवून कण्हत होता. घोड्यांचा डॉक्टर यायला तासभर लागणार होता. फ्राऊ ब्रांट रडायलाच लागल्या. मी त्याच्या कानामागे हात ठेवला, तुम्ही करायचात तसा जिभेने टक् टक् आवाज केला. उठला. लोळू दिलं नाही, डॉक्टर येईपर्यंत सावकाश चालवत राहिले. इंजेक्शननंतर संध्याकाळी त्याने लीद टाकली, पोट मोकळं झालं, तेव्हा मी तिथेच खाली बसले.

“हे कुठे शिकलात?” फ्राऊ ब्रांटनी विचारलं.

“माझे वडील चाळीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायचे.”

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय?”

खरं तर, बाबा, त्यांनाच नाही, मी कुणालाच सांगितलं नव्हतं. साखरपुड्याआधी जयंतच्या घरी तुम्ही सरकारी क्लार्क होतात असं मीच सांगितलं. साखरपुड्याला त्यांच्याकडे जाताना रिक्षात तुम्हाला ते कळलं. रागावला नाहीत. “मग मी कोणत्या खात्यात होतो म्हणायचं?” एवढंच विचारलंत. दिवसभर नवा शर्ट घालून पाटबंधारे खात्यातले क्लार्क होऊन बसलात. त्या घरी परत कधी आला नाहीत, मीही कधी बोलावलं नाही.

काल जयंतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “माझ्या आईबाबांना तूच सांग.” डिसेंबरमध्ये येते आहे. आधी त्यांच्याकडे जाईन, मग तुमच्याकडे. तुम्ही दार उघडलंत तर आत येईन.

तुमची अपराधी,
दीपा