दूर की चौकी, भाग पाचवा

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, दुपार

श्री. कृष्णाराव यांना,

उस्मानपुऱ्याहून तुमचे दाजी आप्पासाहेब यांचा नमस्कार. तुमच्या सौ. सरूबाईंनाही सांगावा. तुमची साखर किती आली ते उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा आकडा वेगवेगळा लिहून कळवा (मागं तुम्ही नुसतं "बरी हाय" असं कळवलं होतं, त्यावरून काहीच समजत नाही). मोसंबीचा बहार यंदा कसा आहे? माझी तब्येत ठीक आहे. दोन वेळा जेवतो. काय जेवतो ते पुढं येईलच.

तुमची बहीण सौ. वच्छला हिला तुमच्याकडं येऊन आज नऊ दिवस झाले. ती का आली हे तिनं तिच्या परीनं सांगितलंच असेल. तिनं परत यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. पण फोनवर ते नीट बोलता येत नाही. एक तर सरूबाई फोन स्पीकरवर टाकतात आणि मागून कुणीतरी खोकतं (ते वच्छलेचं खोकणं आहे, मी छत्तीस वर्षं ऐकतोय), आणि दुसरं म्हणजे बोललेल्याची नोंद राहत नाही. म्हणून सगळी हकिकत पहिल्यापासून लिहितो. वाचा आणि तुम्हीच निकाल द्या.

सुरुवात आमच्या जावईबापूंनी केली. दिवाळीला मेघा आणि अतुल आले होते. अतुलरावांनी टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि जाता जाता म्हणाले की मामा, तुमच्यासाठी एक मालिका काढून ठेवलीय, बघा. तिचं नाव 'दूर की चौकी'. मालिका विज्ञानाची आहे, परदेशी आहे, पण हिंदीत बोलते (म्हणजे बोलली तर). एक कमांडर लांबच्या ग्रहावर एकटा राहतो. तिथं बर्फाखाली पाणी आहे. भिंतीत पट्टी रोवलेली आहे. दर सहा तासांनी घंटा झाली की त्यानं जाऊन पाणी कुठवर आलं ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि पृथ्वीवर कळवायचं. भाग एकूण आठ, एकेक तासाभराचा. पहिल्या भागात तो उठतो, लांबच्या लांब बोळातून चालत जातो, आकडा वाचतो आणि परत येतो. दुसऱ्या भागात तेच, फक्त परत येताना एकदा थांबतो. कृष्णाराव, मी धरणावर एकतीस वर्षं दुसरं काय केलं? पोलिसांवर मालिका निघतात, डॉक्टरांवर निघतात, सासवांवर तर रोज निघतात, पण पाण्याची पातळी वाचणाऱ्यावर कुणी काढलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मला भरून आलं हे लपवत नाही.

एवढं आपलं काम टीव्हीवर दाखवतात तर एकट्यानं काय बघायचं, म्हणून मी दर रविवारी चार वाजता शेजाऱ्यांना बोलवायला लागलो. चहा आमच्याकडं. शेजारचे गयासभाई (गुलमंडीला घड्याळं दुरुस्त करतात) सगळ्यात पुढची खुर्ची धरायचे आणि तासभर एकच वाक्य म्हणायचे, "साब, ये बंदा कुछ करताच नै." तरी एक रविवार चुकवला नाही. त्यांचं लक्ष कमांडरपेक्षा त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं. दुसऱ्या भागात त्यांनी पकडलं की घड्याळात जाताना दोन वीस झालेत आणि येतानाही दोन वीसच. त्यावरून त्यांनी आधी असं काढलं की कमांडर पहिल्याच भागात मेलेला आहे आणि हा सगळा त्याचा आत्मा फिरतोय. दुसरा कप झाल्यावर म्हणाले, नाही, तेल सुकलंय, दुकानात आणून दिलं तर दोन दिवसांत करून देतो. वरच्या मजल्यावरच्या तनुजा मॅडम कॉलेजात शिकवतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की यात शांतता बोलते. दहाव्या मिनिटाला त्या चष्म्यासकट झोपायच्या, शेवटचं संगीत वाजलं की उठून "वा" म्हणायच्या आणि घरी जायच्या. आमची वच्छला आणि गयासभाईंच्या फहमिदा भाभी मात्र भाजी घेऊन बसायच्या. पहिल्या भागात दोन जुड्या मेथी, दुसऱ्यात किलोभर गवार. मान वर केली तरी कमांडर बोळातच असायचा, त्यामुळं काही बुडायचं नाही. वच्छलेचं मत असं होतं की अशी मालिका रोज लागली पाहिजे, घरातली कामं लई उरकतात. तिसऱ्या भागात तर लाइट गेली ते आम्हाला पडद्यावरून कळलंच नाही (अवकाश मुळात काळंच असतं). पंखा थांबला तेव्हा फहमिदा भाभींच्या लक्षात आलं.

माझी स्वतःची तक्रार एकच होती. कमांडर पट्टी उभ्यानं वाचतो. पट्टी वाचताना वाकून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा असतो, नाहीतर आकडा बोटभर चुकतो, हे आमच्याकडं नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. मी अतुलरावांकडून कंपनीला तशी तीन ईमेलं पाठवली. उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, कृपया पाचपैकी तारे द्या. मी चार दिले. एक वाकण्याचा कापला.

आता पाचवा भाग. या भागात कमांडरला त्याच्या बायकोचा निरोप येतो. पडद्यावर नुसता तिचा चेहरा, आणि ती बोलत राहते: घराला रंग दिला, झाडाला फळं आली, आणि आपल्याला मुलगी झाली. बरोबर तेवढ्यात घंटा होते. कमांडर निरोप थांबवतो, उठतो, बोळातून चालत जातो, आकडा वाचतो, वहीत लिहितो आणि परत येऊन उरलेला निरोप ऐकतो. जाऊन येऊन अकरा मिनिटं (मी घड्याळ लावलं होतं). गयासभाई म्हणाले, चलो, कुछ तो हुआ. तनुजा मॅडमही जाग्या झाल्या होत्या. आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, माझ्या अनुभवावरून एवढंच बोललो की त्यानं बरोबर केलं, वेळ टळली की आकडा गेला.

वच्छलेच्या हातात मेथीची जुडी होती, ती तिनं खाली ठेवली. "आमचेबी असेच," ती भाभींना म्हणाली. आणि मग चौतीस वर्षांत जे तिनं एकदा तोंडातून काढलं नव्हतं, ते सगळं माझ्या घरात, माझ्या चहावर बसलेल्या लोकांना सांगितलं. तुम्ही त्यातले साक्षीदार आहात, तरी नोंदीसाठी लिहितो. मेघा तुमच्याच घरी झाली, पहाटे. तुम्ही सकाळी सायकल मारत धरणावर आलात आणि खालूनच ओरडलात की दाजी, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, चला. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, पाणी चढतंय, बदलीचा धोंडिबा अजून आला नाही, आकडा घेऊन येतो. श्रावण होता, पाणी चढणं काही अशक्य नव्हतं. तुम्ही घरी जाऊन "पाणी चढतंय" एवढंच सांगितलंत. त्यावर अण्णांनी (म्हणजे तुमच्या वडिलांनी) दोन्ही म्हशी टेकाडावर नेऊन बांधल्या, तुम्ही ज्वारीची पोती माळ्यावर चढवलीत, गल्लीतल्या निम्म्या लोकांनी अंथरुणं गच्चीवर नेली, आणि वच्छलेला, पहाटे बाळंत झालेल्या बाईला, शिडीवरून माडीवर चढवलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आलो. हे सगळं तिनं काहीही न वाढवता सांगितलं, त्यामुळं मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. मी फक्त म्हणालो की खबरदारी घेतलेली कधीही चांगली. ते म्हणायला नको होतं, हे मला म्हणता म्हणताच कळलं.

सोमवारी सकाळी ती पैठणच्या एसटीत बसली. मेथी टोपलीत अर्धवट निवडलेली होती. मी ती तशीच केली, काड्यांसकट. तीन दिवस पुरली. नंतर कुकरमध्ये वरण लावलं, त्यात पाणी घालायचं राहिलं (हो, हसा. एकतीस वर्षं पाणी मोजलेला माणूस). कुकर आता फहमिदा भाभींकडं घासायला आहे. त्या डबा पाठवतात, पण दारातूनच देतात आणि मला आत कधी बोलवत नाहीत. त्याचं कारण असं की त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी गयासभाईंना विचारलं, आपला हारिस झाला तेव्हा तुम्ही कुठं होता. गयासभाई घड्याळांचे सुटे भाग आणायला हैदराबादला गेले होते. आता त्यांच्याही घरात बोलणं बंद, सगळं घंटेवर चाललंय. ते मला जिन्यात भेटले की म्हणतात, "आप्पासाब, अच्छी भली कुश्तीबिश्ती लगा लेते, ये क्या दिखाए तुम हम कू."

सहाव्या भागाला कुणीच आलं नाही. म्हणजे तनुजा मॅडम आल्या, पण त्या आल्या आणि झोपल्या, त्यामुळं मी एकट्यानंच पाहिला असं धरा. त्यात पृथ्वीवरून कमांडरला कळवतात की आता पट्टी वाचायला मशीन बसवलंय, तू जाऊ नकोस, निवांत बस. बायकोशी बोलायचं असेल तर आता पाहिजे तेवढा वेळ घे. आणि घंटा झाली की तो उठून जातोच. मॅडम जाग्या झाल्यावर मी त्यांना एवढं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, हे काही पटत नाही, आता कशाला जातो? मी त्यांचा कप विसळायला नेला. सातवा भाग मी अजून लावलेला नाही.

तर कृष्णाराव, माझं म्हणणं एवढंच की तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलंय, मी कामावर होतो, टवाळक्या करत नव्हतो. पाणी चढत असताना जबाबदार माणूस जागा सोडून जात नाही. तुम्ही तिचे भाऊ आहात, तुमचं ती ऐकेल. एक दिवस जेवायला बसल्यावर सहज विषय काढा आणि सांगा की वच्छले, दाजींची ड्यूटी होती. माझं नाव सांगू नका. रविवारच्या आत सांगितलंत तर बरं होईल.

सगळ्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
आप्पासाहेब

ता. क. काळ्या मसाल्याचा डबा कोणता, हे तिला सहज विचारून ठेवा. स्वयंपाकघरात सारखे दिसणारे सहा डबे आहेत. चार मी चाखून पाहिले. त्यातला एक मसाला नव्हता.

ता. क. २ पाकीट चिकटवलं होतं, ते उघडून हे लिहितोय. वरचा निकाल तुम्ही देऊ नका. त्या दिवशी पाणी चढत नव्हतं. तुम्ही खाली सायकलवरून ओरडत होतात तेव्हा धोंडिबा आत चहा ठेवत होता. तो आठलाच आला होता, माझी सुट्टी झाली होती. तुम्ही गेल्यावर मी दर अर्ध्या तासानं पट्टी वाचली, अकरा वेळा. अकराही वेळा तोच आकडा. धोंडिबा शेवटी म्हणाला, "दाजी, जा की वो घरला." तरी ती रात्र मी धरणावरच काढली. मी भ्यालो होतो. तिथं सगळ्या बायका दारात असतील, कुणीतरी पोर माझ्या हातात देईल, आणि ती कशी धरायची ते मला माहीत नव्हतं. वच्छलेला काय म्हणायचं तेही माहीत नव्हतं. अण्णांच्या म्हशी, तुमची पोती, गल्लीतली अंथरुणं, सगळं माझ्या एका थापेपायी झालं. पोती चढवताना तुमची पाठ धरली होती ती महिनाभर, त्याची माफी मागतो. दुसऱ्या दिवशी मी माडीवर गेलो तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, पाणी उतरलं का? मी म्हणालो, उतरलं. त्या दिवसापासून आजवर मी तिला दुसरं काही सांगितलेलं नाही.

एवढं तिला वाचून दाखवा. तिच्या हातात देऊ नका, तिचा चष्मा इथंच फ्रिजवर राहिलाय. तो घेऊन मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. मी आलो की ओसरीवर बसेन आणि तुमच्याशी साखरेच्या, मोसंबीच्या, धरणाच्या गोष्टी काढीन, चहा मागेन, तो झाला की आणखी मागेन. देऊ नका. दंडाला धरा आणि आत तिच्यासमोर नेऊन उभं करा.