कृष्णकांत सागरमार्जक

८ जानेवारी १९९५, रविवार
संकल्प: खाडीतला तरंगता कचरा हटवायचा. पनवेल झालं की मुंबई, मग अरबी समुद्र. यंत्राचं नाव ठरलं. माझंच दिलं. डिझाइन उद्या.
परवा बायकोचं, शोभाचं तेरावं झालं. लोक उगाच हळू आवाजात बोलतात. मी पूर्ण नॉर्मल आहे.

१५ जानेवारी, रविवार
डिझाइन तयार. तेलाचे रिकामे कॅन, खाली जाळं, मधे तोंड. भरतीबरोबर कचरा आपोआप आत. जाळं हौसानं दिलं. शोभा तिच्याकडूनच मासे घ्यायची, तासभर घासाघीस करून.
घरही आवरलं. शोभाचा चष्मा, कंगवा, पावडरचा रिकामा डबा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, लाल नाडीनं गाठ मारली आणि खाडीत सोडले. गेलेल्या माणसाच्या वस्तू पाण्यातच सोडतात. तो काही कचरा नव्हे. शिवाय टीव्हीवरचा तो चष्मा दिवसभर माझ्याकडे बघायचा.

२२ जानेवारी, रविवार
पहिली ट्रायल. जाळ्यात एकच पिशवी. लाल नाडी. प्रवाहाचा दोष. पुलावर जाऊन परत सोडली.

२९ जानेवारी, रविवार
पुन्हा तीच. शेजारचे अविनाश खास बघायला आले होते. म्हणाले, कृष्णकांतराव, कचरा काढताय की टाकताय? त्यांना सायन्स कळत नाही.
हौसा म्हणाली, "सायेब, बाईला जायाचा नाय. घरी न्या तिला." मी तिला अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावले आणि पिशवी फेकली, यावेळी जोरात.
घरी आलो तर पावडरचा वास. सगळ्या खिडक्या उघडल्या. कपाटामागे सांडली असेल. कपाट सरकवलं. नव्हती.

५ फेब्रुवारी, रविवार
तिसऱ्यांदा. प्लॅस्टिकला आतून चिकटून चष्मा. दोन्ही काचा माझ्याकडे. मला भीती वाटली नाही. पिशवी पालथी ठेवली, ती पाणी निथळावं म्हणून.
कायमचा इलाज केला. पिशवीला वरवंटा बांधला. घरात दुसरं जड काही नव्हतं, आणि चटणी आता वाटणार कोण? हौसाच्या होडीतून खाडीच्या मधोमध नेऊन सोडली. बुडाली.

१२ फेब्रुवारी, रविवार
जाळं रिकामं. साधी चप्पलसुद्धा नाही. म्हणजे खाडी स्वच्छ झाली. यश.
घरातला वासही गेला. आठवडाभर झोप नाही, ती डासांमुळे. सकाळी चहा दोन कप झाला. मोजमाप चुकलं.

१९ फेब्रुवारी, रविवार
मिताली पुण्याहून आली. चप्पल काढायच्या आधी टीव्हीकडे बघितलं. म्हणाली, बाबा, दागिने-साड्या काही नको, फक्त आईचा चष्मा द्या. मी म्हटलं, कपाटात आहे, शोधून देतो. पोरगी मंगळवारपर्यंत आहे.
संकल्प: मंगळवारच्या आत यंत्रात सुधारणा.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
सुधारणा जमली नाही. ओहोटीला स्वतःच उतरलो. कमरेपर्यंत चिखल. हाताला दगड लागायचे, वरवंटा नाही. एकदा नाडी लागली असं वाटलं. शेवाळ होतं.
हौसानं दोर टाकून ओढून काढलं. म्हणाली, "आता नाय गावायची, सायेब. तेवा घरी येत व्हती, तुमी घेतली नाय."
काठावर मिताली, माझ्या चपला हातात घेऊन. विचारलं, बाबा, काय शोधत होतात? मी तिला यंत्राचं तत्त्व समजावलं. तरंगतं ते सगळं आपोआप जाळ्यात येतं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि बुडालेलं?
मी म्हटलं, त्याचं डिझाइन माझ्याकडे नाही.
ती गेली संध्याकाळच्या गाडीनं. टीव्ही पुसून ठेवला. मला शोभाची फार आठवण येते.