आवाज माझा, चेहरा डेल्फिनाचा

मी, एर्सिलिया तोंदेल्ली, वडील कै. प्रिमो तोंदेल्ली, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गाणे, राहणार मांतोव्हा, मासळीबाजारामागच्या गल्लीतले कोपऱ्यावरचे घर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा कायद्याशी संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही, गोड बोलून काही वळवून घेतलेले नाही. गोड बोलण्याला भुलण्याचे माझे दिवस एकोणीसशे एक्कावन्न साली संपले. ते कसे, ते पुढे येईल.

याआधी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन्ही रागाच्या भरात केली होती. हे तिसरेही रागातच लिहीत आहे, पण सावकाश.

१. माझा पियानो ओत्तोरिनो फेर्राबुए यांना द्यावा. त्यांनी आयुष्यभर माझ्या गाण्याला साथ केली आणि एकदाही माझ्यापुढे धावले नाहीत. त्यांना या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. परंतु ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, असे नोटरी मालागोली यांनी सांगितले. नियम चांगला आहे. चित्रपटाच्या धंद्यात तो कोणी पाळत नाही.

२. बँकेत जे काही असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा आणि उरलेले आमच्या चर्चच्या वृद्धाश्रमाला द्यावे. अंत्यविधीत माझे ध्वनिमुद्रित गाणे लावू नये. ऑर्गन वाजवणारी बाई आजारी असेल तर नुसती शांतता चालेल.

३. कपाटातला हिरवा मखमली पोशाख इथल्या नाट्यगृहाच्या कपडेपटात जमा करावा. तो माझा आहे. माझ्या मापाने, माझ्या कमाईतून शिवलेला आहे. आज तो ज्या मापाचा आहे ते माप मात्र माझे नाही, म्हणून खुलासा करते.

एक्कावन्न साली रोमचे दिग्दर्शक कोर्रादो वेझ्झानी एका ऑपेराचा चित्रपट काढत होते. चित्रपटाचे नाव सर्वांना ठाऊक आहे, मी लिहीत नाही. त्यांनी मला आमच्या नाट्यगृहात ऐकले आणि मुख्य भूमिकेच्या गाण्यांसाठी रोमला बोलावले. मी हिरवा पोशाख बरोबर घेतला, कारण मला वाटले की भूमिकाही मीच करायची आहे. सामान उचलायला धाकटी बहीण डेल्फिना आली. ती तेव्हा टोप्यांच्या दुकानात काम करत असे.

ध्वनिमुद्रण होईपर्यंत वेझ्झानी डोळे मिटून ऐकत बसत. एकदा तर त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. मग काम संपले, त्यांनी डोळे उघडले, आणि माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले.

"बाई, आवाज देवाघरचा आहे," ते म्हणाले. "पण पडदा माणसाला घराएवढं करून दाखवतो, त्याला मी काय करू?"

माझे नाक वडिलांवर गेले आहे, जबडाही. रंगमंचावर दुरून ते चालून जायचे. वेझ्झानींनी माझ्या गाण्यावर ओठ हलवण्यासाठी रोमच्या सुंदर सुंदर नट्या आणल्या. एकीलाही ते जमेना. ओठ हलत, पण श्वास भलतीकडे घेतला जाई. तान चालू असताना छाती खाली बसलेली, असे काहीतरी दिसे. मी मनातून खूश होते. वाटले, आता माझ्याशिवाय यांचे चालत नाही.

डेल्फिना कोपऱ्यात खुर्चीवर माझा कोट मांडीवर घेऊन बसली होती. माझे गाणे लागले की तिचे ओठ आपोआप हलत. लहानपणी आम्हा दोघींची खोली एकच होती. मी रियाज करी आणि ती समोर पलंगावर बसून माझ्या तोंडाकडे बघत माझ्यासारखे तोंड करी. मी कुठे श्वास घेते, कुठे राखून ठेवते, कुठे हनुवटी खाली करते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होते. मला वाटे, ती वेडावते आहे. वेझ्झानींनी वळून तिच्याकडे पाहिले. मी खोलीत आहे हे ते त्यानंतर विसरलेच.

माझाच पोशाख शिंपिणीने कमरेत आत घेऊन डेल्फिनाला बसवला. उरलेले कापड कापून टाकले, त्यामुळे तो मला पुन्हा कधी झाला नाही.

करारात लिहिले होते की आवाज कोणाचा हे मी कुठेही सांगायचे नाही. वेझ्झानी म्हणाले, पुढच्या चित्रपटात तुम्हीच, चेहऱ्यासकट. त्या वर्षी पुरात वडिलांची मासेमारीची होडी वाहून गेली होती. मी सही केली. घरी येऊन रडले तेव्हा आई पिठाचे हात न धुताच म्हणाली, "एकीचा गळा, एकीचं रूप. दोन्ही माझ्याच पोटचं. घरातलं घरातच राहिलं, तर रडतेस कशाला?"

आईला देवाने शांती द्यावी. त्या वाक्याची क्षमा मी अजून केलेली नाही.

४. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत माझ्याविषयी छापून आलेली कात्रणे आहेत. ती न वाचता जाळावीत. ओत्तोरिनोंना मोह होईल, म्हणून त्यांच्या हातात पेटी देऊ नये.

चित्रपट सगळ्या देशात चालला. डेल्फिनाचे चित्र साबणाच्या वेष्टनावर आले. 'गाणारी अप्सरा' असे तिला म्हणू लागले. पुढच्याच हिवाळ्यात पो नदीपलीकडच्या एका शहरात तीच भूमिका मला रंगमंचावर मिळाली. शहराचे नाव लिहीत नाही, तिथे माझ्या दोन शिष्या राहतात. तिथल्या वरच्या गॅलरीतले प्रेक्षक फार कडक. न्हावी, खाटीक, शाळामास्तर. प्रत्येकाला सगळे ऑपेरा तोंडपाठ. मला त्यांची भीती नव्हती. मी त्या दिवशी चांगली गायले. आजही हात बायबलवर ठेवून सांगेन, चित्रपटात गायले त्याहून चांगली.

दुसऱ्या अंकातले मोठे गाणे चालू असताना वरून कोणीतरी ओरडले, "अहो बाई, ही त्या डेल्फिनाची नक्कल झाली. स्वतःचं काही असेल तर गा."

वर हशा पिकला. मग आणखी एक जण म्हणाला की नक्कलसुद्धा कच्ची आहे, आधी चित्रपट पुन्हा बघून या. शिट्ट्या सुरू झाल्या. ओत्तोरिनो विंगेत उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी गाणे पूर्ण केले. तोंड उघडून एक वाक्य बोलले असते तर सगळे गप्प झाले असते. पण करार होता, आणि नवी होडी करारातूनच आली होती.

डेल्फिना त्या संध्याकाळी खालच्या बॉक्समध्ये, फरचा कोट घालून बसली होती. तिला कोणत्याही कराराने उभे राहायला बंदी केलेली नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत ती आली तेव्हा मी तिला एवढेच विचारले, की तू उठून काही बोलली का नाहीस.

"मी उठले असते तर सगळे माझ्याकडे बघायला लागले असते, एर्सी," ती म्हणाली. "तुझ्या कार्यक्रमात ते बरं दिसलं नसतं."

तिने हे खोटेपणाने म्हटले नव्हते. म्हणूनच ते मला पंचेचाळीस वर्षे गिळता आले नाही.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने मला 'चित्रपटाच्या छायेत वाढलेली गायिका' म्हटले. त्यानंतर मोठ्या नाट्यगृहांची बोलावणी थांबली. वेझ्झानींनी डेल्फिनाच्या दुसऱ्या चित्रपटासाठी पुन्हा माझा आवाज मागितला, चेहऱ्याशिवायच. मी नाही म्हटले. त्यांनी दुसरी कोणी गाठली. समीक्षकांनी लिहिले की प्रसिद्धीमुळे डेल्फिनाचे रियाजाकडे दुर्लक्ष झाले असून आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली समीक्षा. तीसुद्धा जाळावी.

५. टीव्हीच्या कपाटातली व्हिडिओ कॅसेट इथल्या संगीत विद्यालयाला द्यावी. ती चौसष्ट सालच्या मैफलीची आहे, टीव्हीवाल्यांनी मागाहून उतरवून दिलेली. आमच्या नाट्यगृहातून ती मैफल थेट टीव्हीवर दाखवली गेली. घराघरांत माझाच चेहरा आणि माझाच आवाज एकाच वेळी दिसणार-ऐकू येणार, असा तो एकच प्रसंग. मी त्यासाठी केस रंगवले होते. आईने शेजारणींना घरी बोलावून भोपळ्याचे सारण भरलेल्या तोर्तेल्ली वाढल्या होत्या.

डेल्फिनाला मी बोलावले नव्हते. नाट्यगृहाने बोलावले आणि पहिल्या रांगेत बसवले. कॅमेरावाल्याने काय करावे? माझा सूर वर चढू लागला की कॅमेरा तिच्याकडे वळे. तिचे डोळे भरलेले, ओठ किंचित हलणारे. मी बहुतेक वेळ दिसतच नाही. दिसते ती नमस्कार करताना, तीही मानेच्या मागून. आई घरी म्हणाली की डेल्फिना किती गोड दिसत होती, आणि तूही छान गायलीस.

विद्यालयाला अट अशी की विद्यार्थ्यांना ही कॅसेट ऐकवताना टीव्हीच्या काचेवर कापड टाकावे. टेबलावरचे कोणतेही चालेल.

६. त्या चित्रपटाची खराब झालेली प्रत दुरुस्त झाली असून कंपनी आता चित्रपट पुन्हा विकणार आहे. करार केव्हाच सरला आहे आणि वेझ्झानीही गेले. कंपनीच्या माणसाने फार अदबीने सांगितले की विक्रीच्या प्रतीत शेवटी, 'आभार' या सदरात, भोजनव्यवस्था पाहणाऱ्यांच्या नावांनंतर माझेही नाव घालता येईल. माझ्या पश्चात कोणी वारस, शिष्य किंवा शहराचा अधिकारी यांनी त्याला संमती देऊ नये. नाव येईल तर 'आवाज' म्हणून, डेल्फिनाच्या नावाशेजारी आणि तेवढ्याच अक्षरांत येईल. नाहीतर येणार नाही. मी कोणावर उपकार केलेले नाहीत, की त्यांनी आभार मानावेत.

७. आता घराविषयी.

कायद्याने बहिणीला काही द्यावेच लागते असे नाही. मी हे नोटरींना दोनदा विचारून घेतले. दुसऱ्या वेळी ते हसले.

डेल्फिना सात वर्षांपूर्वी परत आली. तिच्या नवऱ्याचा बुटांचा कारखाना बुडाला, पाठोपाठ नवराही एका तरुण बाईबरोबर गेला. दोन पेट्या आणि एक म्हातारा कुत्रा घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, थोडे दिवस राहते. कुत्रा मेला. ती माडीवरच्या खोलीत आहे. आम्ही एका टेबलावर जेवतो आणि त्या चित्रपटाविषयी बोलत नाही.

गेल्या शरदात दुरुस्त केलेल्या प्रतीचा पहिला खेळ इथल्याच नाट्यगृहात झाला. महापौर, फुले, टीव्हीचे लोक. डेल्फिनाला पदक द्यायचे होते. मला निमंत्रणपत्रिकेवर 'भगिनी' असे म्हटले होते. खेळ संपल्यावर तिला मंचावर नेले. तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ धरली. मला वाटले, तिला चक्कर येते आहे.

"ही गाणी मी म्हटलेली नाहीत," ती म्हणाली. "मी फक्त तोंड उघडलं. गायली ती माझी बहीण. ती तिथे बसली आहे, चौथ्या रांगेत."

शेवटी झाले. ज्याची मी त्या गॅलरीतल्या शिट्ट्यांपासून वाट पाहत होते ते झाले. आणि सगळे प्रेक्षागृह उठून उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक रडू लागले. महापौरांनी तिचे हात हातात घेतले. सगळे मंचाकडे तोंड करून उभे होते. पुढच्या माणसाची पाठ माझ्या नाकापुढे होती आणि गुडघ्यांमुळे मला उठता आले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचे मोठे छायाचित्र आले. वर मथळा होता, 'डेल्फिनाचे विशाल अंतःकरण'. माझे नाव मजकुरात होते. आडनावात एक 'ल' कमी होता.

खेळाच्या त्या संध्याकाळी गावातल्या तळ्याच्या कडेने आम्ही दोघी हळूहळू घरी आलो. तिच्या एका हातात पदकाची डबी होती आणि दुसऱ्या हाताने तिने माझा दंड धरला होता. दाराशी ती म्हणाली, "लोकांना वाटलं, मी मोठ्या मनाने बोलले. तसं नाही गं. मला भीती वाटली."

कसली, असे मी विचारले.

"तू आधी गेलीस तर? मग मी खरं सांगितलं असतं तरी कुणाला पटलं असतं? म्हातारीला भ्रम झाला, म्हणाले असते. तू समोर बसलेली होतीस म्हणून ते खरं ठरलं."

पिशवीत किल्ली सापडत नव्हती. आत आल्यावर मी सूप गरम केले आणि तिला वाढले. ती जेवली. मला जेवण गेले नाही.

सबब, मासळीबाजारामागचे माझे स्वकष्टार्जित घर, आतल्या सामानासह, डेल्फिनाने तहहयात वापरावे. तिला कोणी उठवू नये. तिने ते विकू नये, गहाण टाकू नये आणि माडीच्या जिन्याचा कठडा दुरुस्त करून घ्यावा. तिच्यामागे घर संगीत विद्यालयाचे होईल. हे मी प्रेमापोटी करते आहे असे कोणी म्हणू नये. तिला दुसरे कोणी नाही, आणि मलाही नाही, एवढेच कारण आहे.

घराला एक अट आहे. त्या चित्रपटातला आवाज कोणाचा, असे जो कोणी विचारेल, पत्रकार असो, दूधवाला असो, त्याला तिने खरे सांगावे. पुराव्याला मी समोर बसलेली नसेन, आणि तिला भ्रम झाला असे लोक म्हणतील, तरीही सांगावे. ती सांगते की नाही याकडे ओत्तोरिनोंनी लक्ष ठेवावे. आणि तिने सांगितल्यावर लोकांनी पुन्हा तिलाच टाळ्या दिल्या, तर द्याव्यात. त्यावर मृत्युपत्रात इलाज नाही.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः मोठ्याने वाचून पाहिले आहे. जिथे आवाज कापरा झाला तिथेही मजकूर बदललेला नाही. खाली सही करणाऱ्या दोघांना यातून काहीही मिळत नाही, हे त्यांना आधी सांगितले होते. तरी ते आले.

(सही) एर्सिलिया तोंदेल्ली

साक्षीदार:
१. (सही) जिनो पावेसी, औषधविक्रेते
२. (सही) अर्जिया लुई, शिवणकाम, राहणार शेजारचे घर

माझ्यासमोर सह्या झाल्या व लखोटा ताब्यात घेतला:
(सही) अर्रीगो मालागोली, नोटरी

स्थळ: मांतोव्हा
दिनांक: ११ मार्च १९९८