आखूड शिंगांचा भुंगा

४ जून
निवृत्तीला तीन महिने. आजपासून फक्त काम. स्टॅग बीटल, म्हणजे शिंगवाले भुंगे: त्यांच्या जाती किती आणि कोणती कुठे आढळते, हा पेपर महिनाअखेर हातावेगळा करायचा. पेन्सिलींना टोकं केली. तेवढ्यात संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली.

९ जून
नवी जात! नेहमीच्या जातीसारखीच, पण शिंगं आखूड. (खरं तर ते जबडे. पण नातेवाइकांना शिंगंच सांगावं.) नाव हिच्यावरून ठेवणार. संसारात हिला कधी धड फिरायलाही नेलं नाही. सांगितल्यावर ही एकदम गप्प झाली. भरून आलं असणार. मेव्हण्यांना आणि साडूंना लगेच फोन केले.

१७ जून
नकाशावर टाचण्या लावल्या. नवी जात फक्त विश्रामगृहांच्या आसपास आढळते. महत्त्वाचा निष्कर्ष. हिने विचारलं, भुंगे गोळा करायला तुम्ही विश्रामगृह सोडून कुठे गेला होतात का? शास्त्रात असं विचारत नाहीत.

२ जुलै
पेपर बाकी. पाठ धरली आहे. डांबरगोळ्यांच्या वासाने डोकंही. शेजारच्या टेबलावरचे सहकारी, ज्यांना सगळे फुलपाखरू म्हणतात, विचारत होते की मध्यम शिंगांचे नमुने कुठे गेले. ते सदोष होते म्हणून कपाटात ठेवले, असं सांगितलं. जळतात माझ्यावर.

११ जुलै
कपाट उघडलं. सहज. सगळे नर एका ओळीत लावले, लहान ते मोठा. शिंगं हळूहळू वाढत जातात. मध्ये रेघ ओढायला जागाच नाही. ओळ मोडली, पुन्हा लावली. तशीच. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

१२ जुलै
चष्मेवाला म्हणाला, नंबर तोच आहे.

२० जुलै
अळीला पोटभर कुजकं लाकूड मिळालं नाही, तर भुंगा लहान होतो आणि शिंगं आखूड राहतात. नव्या लोकांना हे मीच शिकवतो. माझ्याच भुंग्याला ते लागू पडेल असं मनात आलं नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

५ ऑगस्ट
हिला उद्या सांगणार.

१९ ऑगस्ट
उद्या नक्की.

३१ ऑगस्ट
निरोप समारंभ झाला. संचालकबाईंनी भाषणात नव्या जातीचा गौरव केला. मी मान डोलावली. लाज वाटली. घरी येऊन हिला एकदाचं सांगून टाकलं: नवी जात वगैरे काही नाही, जुनीच, उपाशी राहिलेली.

ही हुश्श करून खुर्चीत बसली. म्हणाली, सुटले बाई! बहिणी फोनवर भुंगाबाई म्हणून हाक मारायच्या. मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, इतक्या वर्षांनी तुम्हाला काहीतरी सापडलं होतं, कुठल्या तोंडानं नको म्हणायचं?

मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, दमलात, झोपा आता.